शिबिराआधी घरचं कॅलेंडर : पाळकानं उन्हाळी शिबिर कसं घ्यावं

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा १८वा अध्याय पाळकांच्या, म्हणजे ख्रिस्ती मंडळ्यांच्या धर्मगुरूंच्या, बैठकांत हमखास निघतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला, लोक ताटकळत उभे, आणि सासरा इथ्रो त्याला बजावतो की अशानं तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. एवढं सगळ्यांना पाठ असतं. अध्यायाच्या पहिल्या ओळींवरून मात्र नजर घसरून जाते. मोशेनं माघारी पाठवलेली बायको सिप्पोरा आणि गेर्षोम, अलियेजर ही दोन मुलं यांना घेऊन इथ्रो आलेला असतो. आधी कुटुंब भेटतं, आणि कामाच्या वाटणीची गोष्ट निघते दुसऱ्या दिवशी.

मंडळीतल्या मुलांच्या उन्हाळी शिबिराची आखणी करताना हाच क्रम धरावा. बहुतेक पाळक उलट करतात. शिबिराच्या तारखा ठरतात, मग प्रशिक्षणाच्या, मग मंडळीतली लग्नं, आणि उरलेल्या फटीत घरच्यांची सुट्टी. ती फट कधीच उरत नाही.

तारखा

मुलांच्या शाळेचं वेळापत्रक हातात आलं, की मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीसमोर जाण्याआधी घरी बसा. सलग किमान ७ दिवस कुटुंबासाठी राखा आणि ते कमिटीला लेखी कळवा. हे दिवस शिबिराला चिकटून नकोत. शिबिरानंतरचा आठवडा थकव्याचा, त्या सुट्टीत पाळक नुसता झोपतो आणि घरचे त्याच्या उठण्याची वाट बघतात. आदल्या आठवड्यात फोन थांबत नाही. दोन्हींत ३ आठवड्यांचं अंतर असलं तर सुट्टी सुट्टीसारखी जाते.

शिबिर गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी संपवा, शनिवारी कधीही नको. आणि शिबिरानंतरच्या रविवारच्या उपासनेतला संदेश, म्हणजे प्रवचन, दुसऱ्या कुणाकडे ३ महिने आधीच सोपवा. ‘जुना एखादा संदेश काढून वेळ निभावून नेऊ’ असं ठरवलेलं असतं, पण शनिवारी रात्री ११ वाजता तो जुना संदेश पुन्हा लिहायला घेतला जातो. त्या चार-पाच दिवसांत मंडळीत कुणी वारलं, कुणाला रुग्णालयात हलवलं, तर जायचं कुणी, हेही आधी ठरवून मंडळीला जाहीर सांगा. नाव आणि फोन नंबर एकाच माणसाचा असावा. दोन नावं दिली की लोक तिसऱ्याला, म्हणजे शिबिरात बसलेल्या पाळकालाच फोन लावतात.

माणसं किती लागतात

उदाहरणासाठी ९ ते १४ वयाची ४८ मुलं आणि ४ रात्रींचं निवासी शिबिर धरू. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषांप्रमाणे मुक्कामी शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या ६ मुलांमागे एक, ९ ते १४ वर्षांच्या ८ मुलांमागे एक आणि १५ ते १८ वर्षांच्या १० मुलांमागे एक कार्यकर्ता हवा. म्हणजे आपले ८-८ मुलांचे ६ गट झाले. कागदावर ६ गटप्रमुख पुरतात, प्रत्यक्षात नाही. एका मुलाला ताप आला आणि त्याला घेऊन एकजण डॉक्टरकडे गेला, की उरलेली ७ मुलं वाऱ्यावर. म्हणून प्रत्येक गटाला दोघं, म्हणजे १२. शिवाय शिबिरप्रमुख, प्रथमोपचार, खेळ, गाणी आणि नोंदणी यांना एकेक आणि स्वयंपाकघरात तिघं. एकूण २०.

या विसांत पाळक नाही आणि तो शिबिरप्रमुखही नाही. हे पचायला जड जातं, पण याच एका निर्णयावर पुढचं सगळं उभं राहतं. बस उशिरा आली, पाण्याची मोटर बंद पडली, दोन पालक भांडले, हे सगळं शिबिरप्रमुखाकडे जायला हवं. ते पाळकाकडे आलं, की जे काम फक्त त्यालाच जमतं ते राहून जातं: मुलांशेजारी बसणं, गटप्रमुखांना सावरणं, संध्याकाळचा संदेश नीट देणं. शिबिरप्रमुख मंडळीतल्या शिक्षक, परिचारिका किंवा कारखान्यात पाळी सांभाळणाऱ्या माणसांतून शोधावा. उत्साही तरुण गाण्यांना द्यावा; वेळापत्रक त्याच्या हातात देऊ नये.

कार्यकर्ता नेमताना तो मंडळीत किमान ६ महिने नियमित येत असावा, दोन माणसांनी त्याच्याबद्दल लेखी हवाला द्यावा, आणि जिथे पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मिळते तिथे ती घ्यावी. ओळखीचा आहे, मंडळीतल्या एखाद्या वडिलाचा (एल्डरचा) मुलगा आहे, म्हणून सूट देऊ नये. पाळकाच्या स्वतःच्या भावालाही हाच अर्ज भरायला लावा. मग दुसरा कुणी कुरकुर करत नाही.

अर्जात काय विचारायचं

नाव-पत्त्यापलीकडे अर्जात हे हवंच: कशाची ॲलर्जी, चालू औषधं आणि त्यांची वेळ, पोहता येतं का, रात्री अंथरूण ओलं होतं का, झोपेत चालण्याची सवय, पालकांचे दोन वेगवेगळे फोन नंबर, मुलाला न्यायला कोण येऊ शकतं आणि कुणी येऊ नये, फोटो काढायला परवानगी आहे का. ‘कुणी येऊ नये’ ही ओळ बरेच अर्ज गाळतात. आईवडील वेगळे राहत असले तर तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची ठरते.

औषधं मूळ पाकिटातच घ्या. पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या स्वीकारू नका. सगळी औषधं एका कुलूपबंद पेटीत, एकाच माणसाकडे, आणि दिल्याची वेळ वहीत. याला अपवाद दम्याच्या पंपाचा आणि तीव्र ॲलर्जीवरच्या इंजेक्शनचा. ते मुलाजवळ किंवा त्याच्या गटप्रमुखाच्या खिशात असावं; पेटीची किल्ली शोधेपर्यंत उशीर झालेला असतो.

दोन मोठ्यांचा नियम

कोणताही मोठा माणूस एखाद्या मुलाबरोबर बंद दाराआड एकटा असणार नाही. हा नियम पाळकालाही लागू, किंबहुना त्याला आधी. समुपदेशन करायचं तर अंगणात, झाडाखाली, पायरीवर, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. आवाजाची गुप्तता ठेवा, नजरेची नको. अंघोळीच्या वेळा मुलांच्या आणि मोठ्यांच्या वेगळ्या ठेवा. मुलांशी फोनवरचं खाजगी बोलणं शिबिरातही नको आणि शिबिरानंतरही नको.

एखाद्या मुलानं आपल्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल सांगितलं, तर शांतपणे ऐका. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते मोडावंच लागतं. खोदून प्रश्न विचारू नका. त्यानं वापरलेलेच शब्द लगेच लिहून ठेवा आणि त्याच दिवशी, कायद्यानं ठरवलेल्या यंत्रणेला कळवा. ‘आधी पंचकमिटीत बोलू’, ‘मंडळीचं नाव खराब होईल’ असं म्हणत गेलेले दोन दिवस त्या मुलाच्या सुरक्षिततेतून वजा होतात. पाळकानं स्वतः चौकशी करू नये. तो तपास अधिकारी नाही, आणि त्याच्या प्रश्नांनी पुढे पुरावाच कमकुवत होतो.

दिवस कसा लावायचा

झोपेपासून सुरुवात करा. ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. रात्री साडेनऊला दिवे बंद आणि सकाळी पावणेसातला उठणं धरलं, तर सव्वानऊ तास होतात. पहिल्या रात्री कुणी वेळेवर झोपत नाही, हे गृहीत धरा, पण म्हणून दुसऱ्या दिवशी उठण्याची वेळ पुढे ढकलू नका. त्याऐवजी जेवणानंतर तासभर सक्तीची विश्रांती ठेवा. पडून वाचलं तरी चालेल, पण प्रत्येकानं आपापल्या जागेवर. ही विश्रांती कार्यकर्त्यांसाठीही आहे. पहिल्या दिवशी ती वेळ ‘एक छोटी बैठक’ खाते आणि मग रोजच खाते.

बाकीचं वेळापत्रक सोपं: सकाळी गटात बायबलमधल्या वचनाचा अभ्यास, मग खेळ, दुपारी हस्तकला किंवा पाण्यात उतरणं, संध्याकाळी गाणी आणि संदेश. उन्हातल्या खेळाच्या वेळी दर २० मिनिटांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना पाणी प्यायला लावा, साधारण एक छोटा पेला, १५० मिली. तहान लागली की प्या, असं मुलांना सांगून भागत नाही. खेळात त्यांना तहान कळतच नाही. जुलाब झाले तर क्षारसंजीवनीचं पाकीट वापरा, आणि ते किती पाण्यासाठी आहे हे वाचा. १ लिटरचं पाकीट पेल्यात घोळलं तर मीठ घातक प्रमाणात जास्त होतं. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलीचा.

पाण्यात उतरायचं असेल तर प्रशिक्षित जीवरक्षक हवाच. पोहता येणारे काका म्हणजे जीवरक्षक नव्हेत. मुलांच्या जोड्या लावा, दर १० मिनिटांनी शिट्टी, जोडीनं हात धरून वर करायचा आणि मोजणी. बुडणारं मूल ओरडत नाही. श्वास घेण्याच्याच धडपडीत असतं, त्यामुळे ‘कुणी ओरडलं तर कळेल’ हा हिशेब चुकतो. मेघगर्जना ऐकू आली की सगळे बाहेर आणि पक्क्या छताखाली, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं.

मोजणीची पद्धत एकदाच शिकवा आणि ती बदलू नका. ‘सगळे आले का रे?’ या प्रश्नाला ‘होऽऽ’ हेच उत्तर येतं, एक मूल शौचालयात असलं तरी. प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी क्रमांक द्या. मुलं रांगेत आपापला आकडा म्हणतात, गटप्रमुख चेहरा बघून यादीवर खूण करतो. २३ नंतर क्षणभर शांतता पडली, की २४ कुठे आहे हे तिथल्या तिथे शोधता येतं. बसमध्ये चढताना, उतरताना, पाण्याआधी, पाण्यानंतर आणि दिवे बंद करण्याआधी, अशी मोजणी रोज.

रात्र

घरची आठवण जेवताना आणि झोपताना वर येते. पालकांना आधीच सांगून ठेवा, की ‘करमलं नाही तर मी लगेच न्यायला येईन’ असं मुलाला म्हणू नका. ते ऐकून निघालेलं मूल पहिल्या रात्रीपासून त्या फोनचीच वाट बघतं. शिबिराआधी एक-दोन रात्री नातेवाइकांकडे राहायला पाठवलेली मुलं बरीच सोपी जातात. रडणाऱ्या मुलाला ‘एवढं काय त्यात’ म्हणू नका. घरी कोण कोण आहे ते विचारा, दोन ओळींचं पत्र लिहायला द्या आणि उद्या सकाळचं एक छोटं काम सोपवा: घंटा वाजवणं, टेबल मांडणं.

अंथरूण ओलं करणाऱ्या मुलासाठी खरी तयारी लागते, कारण इथे फजिती झाली तर ते मूल पुन्हा कधी शिबिराला येत नाही. प्रत्येक खोलीच्या गटप्रमुखाकडे दोन जादा चादरी, एक गडद पिशवी आणि अंगातल्या कपड्यांचा एक जोड असावा. अर्जात नोंद असलेल्या मुलाची जागा दाराजवळ, गादीवर प्लास्टिक आणि त्यावर चादर. झोपण्याआधी ‘चला, सगळे एकदा जाऊन या’ असं पूर्ण खोलीला सांगायचं, त्या एकट्याला नाही. सकाळी बाकीचे दात घासायला बाहेर पडले, की दोघांपैकी एक गटप्रमुख त्यांच्याबरोबर जातो आणि दुसरा दार उघडंच ठेवून चादर पिशवीत भरतो. पिशवी स्वयंपाकघरामागच्या बादलीत. दुपारच्या विश्रांतीपर्यंत त्या जागी कोरडी चादर दिसली पाहिजे. याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, दिलासा देणाराही नाही.

संदेश, आणि शेवटच्या रात्रीचे अश्रू

संध्याकाळचा संदेश १२ मिनिटांचा. १५ झाली की मागची रांग चिमटे काढू लागते. एक वचन, एक प्रसंग, एक प्रश्न, आणि तो प्रश्न गटात नेऊन बोलायचा.

शेकोटी करायची तर भोवती ३ मीटर जागा स्वच्छ करा, पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या आधी आणून ठेवा आणि विझवताना पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा पाणी ओता. हाताला उब लागेनाशी होईपर्यंत तिथून हलू नका.

शेकोटीच्या उजेडात, चार दिवस कमी झोपलेली मुलं, मंद सूर, उद्या मैत्रिणींपासून दूर जायचं दुःख. अशा वेळी ‘येशूला स्वीकारायचं असेल त्यानं पुढे या’ म्हटलं, की अर्ध्याहून अधिक मुलं रडत पुढे येतात. यातलं पवित्र आत्म्याचं कार्य किती आणि थकव्याचं किती, हे त्या रात्री कुणालाच सांगता येत नाही, पाळकालाही नाही. तेव्हा आवाहन करायचंच असेल तर ते सकाळी, न्याहारीनंतर, उजेडात करा. रात्री फक्त एवढंच सांगा की ज्याला बोलायचं असेल त्यानं उद्या गटप्रमुखाला भेटावं. सकाळी जी मुलं आठवणीनं येतात, त्यांच्याशी निवांत बसा. किती जणांनी निर्णय घेतला याचा आकडा अहवालात घालू नका; पुढच्या वर्षी तो आकडा ओलांडण्याची घाई संदेशात उतरते. बाप्तिस्म्याचा विषय आईवडिलांशी बोलल्याशिवाय पुढे नेऊ नका.

थकून झुडपाखाली पडलेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूतानं काय दिलं, ते १ राजे १९ मध्ये बघा. आधी भाकर आणि पाणी, मग झोप, मग पुन्हा भाकर. देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्याच्याही बऱ्याच नंतर, होरेब डोंगरावर.

पाळकाची स्वतःची मुलं

मूल शिबिराच्या वयाचं असेल तर ते आईवडिलांच्या गटात नको. त्याला शिस्त लावायची ती त्याच्या गटप्रमुखानं, आणि हे गटप्रमुखाला आधी स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर पाळकाच्या मुलाला कुणी टोकत नाही, किंवा उलट त्यालाच सगळ्यात आधी टोकतात. ‘पाळकाची मुलगी असून वचन पाठ नाही?’ हे वाक्य कुणी उच्चारलं तर शिबिरप्रमुखानं तिथेच थांबवावं.

मुलांच्या गमती, चुका, त्यांचे प्रश्न संदेशात वापरायचे असतील तर आधी विचारा. नाही म्हणाली तर विषय तिथे संपला. होकार दिला तरी १२ वर्षांच्या मुलाच्या मित्रांसमोर तो प्रसंग सांगणं आणि मोठ्यांच्या उपासनेत सांगणं यात फरक आहे.

लहान मुलं असतील आणि कुटुंब बरोबर येणार असेल, तर राहण्याची खोली वेगळी आणि तिच्या दारावर वेळ लिहिलेली. रोज दुपारी तासभर तिथे कुणी टकटक करायची नाही. रक्त वाहत असेल तरी आधी प्रथमोपचारवाल्याकडे. मार्क ६ मध्ये येशूनं शिष्यांना एकांती विसाव्याला नेलं आणि लोकांनी धावत जाऊन त्यांच्याआधी तो किनारा गाठला. कळवळ्यानं त्यानं त्यांना शिकवलं, हे खरं. पण हा प्रसंग रोजच्या टकटकीचं समर्थन म्हणून वापरला जातो, ते चूक आहे. विसाव्याला निघायची आज्ञाही त्याचीच होती.

पाळकीणबाईंना गृहीत धरू नका. स्वयंपाकघर, मुलींची खोली, रुग्णसेवा असं सगळं त्यांच्याच नावावर आपोआप चढतं, आणि त्या स्वतः नोकरीतून रजा काढून आलेल्या असू शकतात. इतर कार्यकर्त्यांसारखंच त्यांनाही लेखी विचारा: यायचं आहे का, कोणतं काम, किती तास. ‘यावर्षी नाही’ हे उत्तर मंडळीला पटवून द्यायची जबाबदारी पाळकाची. पाळक बाई असतील तर त्यांच्या नवऱ्यालाही हेच लागू, फक्त त्याला बहुधा बस आणि जनरेटर यांच्यात गृहीत धरतात.

१ तीमथ्य ३ मध्ये घर नीट चालवता येणं ही अध्यक्षाची, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्याची, अट म्हणून येते. पाळकाची मुलं शांत बसतात की नाही हे तपासण्यासाठी मंडळी ती वापरते. पाळकानं मात्र आपल्या वेळेचा हिशेब लावायला वापरावी. शमुवेल संदेष्टा लहानपणी एली याजकाकडे वाढला, बिघडलेल्या एलीच्या मुलांचं काय झालं हे त्याला ठाऊक होतं, तरी १ शमुवेल ८ मध्ये त्याची स्वतःची मुलं लाच घेताना दिसतात. बाप देवभक्त होता, यात दोन्हीकडे कुणाला शंका नव्हती.

परतल्यावर

घरी पोहोचल्यावर पहिले दोन तास शिबिराबद्दल बोलू नका. घरी राहिलेल्यांचे चार दिवस आधी ऐका. आपले मळके कपडे आपण धुवा. नंतरचे दोन दिवस पूर्ण सुट्टी, फोन दुसऱ्याकडे.

तिसऱ्या दिवशी शिबिरप्रमुखासह दोन तासांची बैठक: काय बिघडलं, किती साहित्य उरलं, कोणता कार्यकर्ता थकून चिडचिडा झाला आणि का. तारीख घालून वहीत लिहा. महिन्याभरानं फक्त गमती आठवतात. औषधांची वही आणि दुखापतींच्या नोंदी जाळू किंवा फेकू नका, मंडळीच्या कार्यालयात कुलपात ठेवा. १० दिवसांच्या आत प्रत्येक मुलाच्या घरी गटप्रमुखाचा फोन जायला हवा, पाळकाचा नाही. ४८ घरं त्याच्या एकट्याच्या अंगावर घेतली की जुलाबानं आजारी पडलेल्या मुलाकडे जायला त्याला वेळ उरत नाही.

हरवलेल्या वस्तू, म्हणजे एका पायाचे मोजे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, उपासनेनंतर दाराशी टेबलावर मांडा. दोन रविवार. तिसऱ्या रविवारी उरलेलं ज्याला हवं त्याला देऊन टाका, पाळकाच्या घरी ठेवायला आणू नका.